चौथ्या मजल्यावरची क्रांती

३ नोव्हेंबर, सोमवार
संपादकांचा फोन. रविवारच्या पुरवणीला दोन भागांत लेख हवा: साम्यवादी क्रांती, कारणे आणि परिणाम. म्हणाले, तुम्ही संस्कृतवाले, जड करू नका. मी म्हटलं, कारणं आजच देतो, आमच्या मजल्यावर ढिगाने पडलीत.
उदाहरणार्थ सुगंधा. आधी धर्मेशभाईंकडे फुलके करते, मग स्वाती-दिपेशकडे, शेवटी आमच्याकडे पोळ्या. तोवर तिचे हात थकलेले. आजची पोळी एका टोकाला धरली तर ताठ उभी राहिली. विषमता म्हणतात ती हीच.

४ नोव्हेंबर
नुसतं लिहिण्यापेक्षा करून दाखवावं. तीन घरं, एक स्वयंपाकघर, एक पंगत. घरोघरचे गॅस बंद.
धर्मेशभाईंची याच मजल्यावर ओटा-नळासकट रिकामी खोली आहे. ती ताब्यात घ्यायला आवेशात गेलो. म्हणाले, "ले लो ना पंडितजी, चाबी दरवाजे के पीछे टंगी है." जमीनदार असा वागला की क्रांतिकारकाचा विरस होतो. अट एकच: मांस-मच्छी नको, पलीकडच्या भिंतीला बांचा देव्हारा आहे. बा म्हणजे त्यांच्या आई. शब्द दिला. शब्दाला मी पक्का.

८ नोव्हेंबर, शनिवार
सुगंधाला राजी केलं. समोरच्या बिल्डिंगमधली दोन घरं सोड, इथे पूर्णवेळ ये. म्हणाली, "काका, हे तुमचं किती दिवस चालणार? ती घरं सोडली की परत नाय मिळत." मी तिला इतिहासाची दिशा समजावली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की ना?" म्हटलं, नक्की.
सोडली तिने. विनिता म्हणाली, दोन मुली शिकतायत तिच्या, जबाबदारी तुमची हं. बायकोला माझा स्वभाव अजून कळलेला नाही.

१० नोव्हेंबर
पहिली पंगत. दुधीची भाजी, डाळ, भात, सगळ्यांना सारखे गरम फुलके. बांनी स्वतः वाढलं. मी अध्यक्ष, सर्वानुमते. मत विचारलं नव्हतं, पण विरोधही नव्हता. आमचा सिलिंडर समाईक खोलीत नेऊन आदर्श घालून दिला. चहा कुठे करायचा, असं विनिताने विचारलं. प्रतिगामी प्रश्न.

१४ नोव्हेंबर
पुन्हा दुधी. स्वाती म्हणते डाळीत साखर पडते. धर्मेशभाई म्हणतात पडतच नाही. दिपेश रोज ऑफिसातून जेवून येतोय आणि भूक नाही म्हणतोय. प्रत्येक क्रांतीत अडचणीचा काळ येतो. लेखात वापरावं.

१८ नोव्हेंबर
बातमीसाठी चौक गावच्या कोळीवाड्यात गेलो. मच्छीमारांच्या मागण्या लिहून घेतल्या. वाळवणापाशी बसलेली शांतीबाई म्हणाली, "भाऊ, बातमी फुकट न्हाय हाय. बोंबील घे." श्रमिकांचा मान राखला पाहिजे म्हणून सुके बोंबील घेतले. शब्दकोशामागे ठेवलेत. खाण्याचा विचार नाही.

१९ नोव्हेंबर, दुपार
विनिता बाहेर. घरी शेगडी आहे, सिलिंडर नाही. समाईक खोली मोकळी. फक्त तीन बोंबील, तेही नुसते भाजून. भाजणं म्हणजे शिजवणं नव्हे. खिडकी उघडली होती, पण वारा देव्हाऱ्याकडे जाणारा निघाला. फार चांगले लागले.

तोच दिवस, संध्याकाळ
बा देवापुढे बसून रडल्या. घशाशी येतंय. बहुधा बोंबील.

२० नोव्हेंबर
सभा. खोलीची चावी दोघांकडेच: मी आणि सुगंधा. स्वाती हळूच म्हणाली, सुगंधा रत्नागिरीची, मासे खाणारच. मग सगळे माझ्याकडे बघत बसले. का ते कळेना. मी घसा साफ केला आणि म्हणालो, चौकशी पूर्ण होईपर्यंत सुगंधाने येऊ नये. चौकशी समिती: मी.
सुगंधाने चावी ओट्यावर ठेवली. "काका, तुम्ही नक्की म्हणाला होतात." भांडली असती तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं.

२१ नोव्हेंबर
संस्कृतात भूतकाळ तीन. त्यातला एक खास, बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या गोष्टींसाठी. बोंबील त्यात बसवून पाहिले. बसत नाहीत. डोळ्यांसमोरच भाजले होते.
उद्या सकाळी सगळं सांगणार.

२२ नोव्हेंबर
बांचं बीपी वाढलंय म्हणे. अशा वेळी धक्का देणं अमानुष.

२४ नोव्हेंबर
बीपी उतरलं. पण धर्मेशभाई भाच्याच्या लग्नाला सुरतला.
स्वयंपाक सध्या मी करतो. खिचडी. पंगतीला मी एकटाच होतो. बाकी दारांमागून फोडणीचे वास येतात. विनिताने सिलिंडर घरी ओढत नेला, मदत मागितली नाही. वर म्हणाली, सुगंधा समोरच्या गेटपाशी काम विचारत उभी होती; एका घराने परत घेतलं, दुसऱ्यांनी दुसरी बाई ठेवलीय. मग म्हणाली, शब्दकोशाला वास येतोय, उन्हात ठेवा.
लेखाचा दुसरा भाग सुचत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आज गेलोच. धर्मेशभाईंची बेल वाजवली. दार सुगंधाने उघडलं. हाताला कणीक.
वाक्य घोटून आलो होतो, सगळं विसरलो. बोंबील माझे, एवढंच म्हणालो. धर्मेशभाई झोपाळ्यावरून न उठता म्हणाले, "मालूम है पंडितजी. उसी दिन से. बा को भी. मीटिंग में हम आपका मुँह देख रहे थे, अब बोलेंगे, अब बोलेंगे. फिर सुगंधा को घर जाके सॉरी बोला और ले आए." स्वातीसुद्धा सोबत गेली होती म्हणे.
बा आतून म्हणाल्या, चाय पीके जाओ. माझ्याच्याने बसवेना.
सुगंधाला म्हटलं, माझं चुकलं, आमच्याकडेही ये. ती म्हणाली, "तुमची चौकशी चालू हाय ना काका? ती होऊ दे आधी."

२९ नोव्हेंबर
चौकशी समितीची बैठक. उपस्थिती पूर्ण. दोषी सापडला, एकमताने. जिन्यात गाठून सुगंधाला निकाल सांगितला. म्हणाली, बरं झालं, लवकर लागला. पण यायला जमणार नाही. समोरचं एक घर गेलं ते गेलंच, त्या वेळेत तिने लांबचं दुसरं धरलंय. चालत जावं लागतं. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन खाली उतरली.
घरी आलो. विनिताने परात आणि कणकेचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि दार लावून घेतलं. पाणी किती घालायचं ते विचारलं. शेवटी अंदाजानेच ओतलं.