तुळशीची सांगितलीस, रुद्राक्षाची आणली

प्रिय अक्का,

तू रागावशील हे धरूनच लिहायला बसलो आहे. रामनामाला तुळशीचीच माळ, असं तू चारदा बजावलंस आणि तुझा हा शहाणा भाऊ रुद्राक्षाची घेऊन आला. ओळी उताराला लागल्यासारख्या दिसतील, हसू नकोस.

आठवतं का, शाळेतल्या कविता तू मला डोळे मिटून म्हणायला लावायचीस? कडवं अडलं की मी पापणी किलकिली करून पुस्तकात डोकावायचो आणि डोक्यात टपली बसायची. त्या कविता अजून पाठ आहेत गं, चालीसकट. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली ती त्याच गुणगुणत. लोकांचे निसटलेले अनुस्वार पकडणारा मी, आणि परवा तुझ्या भावजयीने दिलेला चहा टेबलाच्या कडेबाहेर ठेवला! कपबशीचा चुरा. ही म्हणाली, "लक्ष कुठे असतं तुमचं?" कवितेत, म्हणालो. वेळ मारून नेली.

तर दुकानात तीन माळा पुढ्यात होत्या. स्फटिकाची गार, सुरेख, पण गुळगुळीत. मणी बोटाखालून दोन-दोन निसटायचे. तुळशीची इतकी हलकी की हातात काही आहे असं वाटेना. डोळे मिटून, अंगठ्याने एकेक मणी ओढत होतो. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलट फिरवायची, हे तुझंच शिकवणं. पण या तुळशीच्या माळेचा मेरू इतर मण्यांएवढाच. कधी ओलांडला कळलंच नाही; फिरतोय आपला गोल गोल. शेवटी दुकानदार म्हणाला, "आजोबा, समाधी घरी लावा, गिऱ्हाइकं खोळंबलीत." डोळे उघडतो तर शेजारी एक बाई मला हात जोडून उभ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुद्राक्षाची मात्र खडबडीत. मध्ये गाठी, मेरू चांगला सुपारीएवढा. प्रत्येक मणी आपण आलो म्हणून सांगतो. तीच घेतली.

अक्का, ती भक्ती नव्हती, मी सराव करत होतो. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलंच, मधलं उरलंय तेही फार दिवसांचं नाही, आणि गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हिला ठाऊक नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ती आत्ता कुठे जिना चढू लागली आहे. रोज माळ घेऊन बसतो, पण नाम राहतं बाजूला. मण्यामण्याला एकच येतं, हिला कसं सांगू. या पत्राला उत्तर लिहू नकोस. तुझं बारीक अक्षर मला आता लागत नाही, आणि वाचून दाखवायला घरात हिच्याशिवाय कोण आहे? तू स्वतःच ये. मी सांगेन तेव्हा तिचा हात धरून बस, एवढंच.

तुझाच,
टपल्या खाल्लेला धाकटा