दुकानाची शेवटची फळी

तीर्थरूप आप्पांना लेक दानम्माचा शरणार्थ.

सासरी सगळं बरं हाय. फोन सासूबाईंकडं असतो, म्हणून पत्र लिहितेय. त्या दिवशी फोनवर मला नीट बोलता आलं न्हाई, गाल सुजला होता. दाढेनं. उगं घोर लावून घेऊ नका.

आईचा गुडघा कसा हाय?

रात्री माझं डोकं थांबत न्हाई. मग डोळे मिटून आपल्या दिंद्रुडच्या दुकानातल्या फळ्या आठवते. गूळ, धने, खोबरं. आधी खोबऱ्यापाशीच झोप लागायची. आता रोज शेवटच्या फळीपर्यंत जाते, उंदराच्या औषधापाशी. लहानपणी तिथं तुमी माझा हात धरायचा.

इथल्या फडताळात बी ते औषध हाय.

पंचमीला न्यायला येतो म्हणलता. तवर थांबू नका, आप्पा.

तुमची दानी