शवपेटीवरचा कागद

३ एप्रिल १६९४

छापून आलं — त्याच्या नावानं! बॉस्टनच्या छापखान्यातून, काळ्या चौकटीत. आमच्या रूथच्या इवल्याशा शवपेटीवर मी टाचलेल्या ओळी. एक शब्द बदललेला नाही. खाली मात्र नवऱ्याचं नाव — हेझेकाया लोथ्रप, शाळामास्तर.

पोर माझी, शब्द माझे, आणि नाव ह्याचं!

४ एप्रिल

विचारलं. "बाईच्या नावानं शोकगीत? लोक तोंडात शेण घालतील," म्हणाला. मग जवळ घेऊन — "पुढच्या वेळी तुझं नाव घालतो. शपथ." मी विश्वास ठेवला.

२० जून

पुढची वेळ आली नि गेलीही. चर्चचे डीकन वारले; त्यांच्यावरच्या ओळी माझ्या, नाव त्याचं. आता गावात कुणी गेलं की आधी त्याला बोलावणं. मयताला येणाऱ्यांना हातमोजे वाटतात, ते आमच्या पेटीत मावेनासे झालेत. मी मक्याची लापशी ढवळता ढवळता ओळी जुळवते, तो शाई वाळवतो.

आज शपथेची आठवण दिली. हसला. "तुझं नाव काय? सायलेन्स — मौन! मग नावाला जाग की!"

एवढा संताप आला की लापशी करपली. तीच वाढली त्याला.

९ सप्टेंबर

म्हातारे पाद्रीबाबा गेले. त्यांच्यावरच्या शेवटच्या सात ओळी अशा बांधल्यात — पहिली अक्षरं वरून खाली वाचा, S-I-L-E-N-C-E, सायलेन्स! त्यानं सुवाच्य नक्कल केली. "उत्तम, उत्तम" पुटपुटत होता. हसू दाबून पोट दुखलं.

२ ऑक्टोबर

छापील कागद आले. ती सात अक्षरं जाड ठशात! छापणाऱ्याला कळलं म्हणायचं. कुणाला तरी कळलं! कितीदा बोट फिरवलं त्यांवरून.

७ ऑक्टोबर

प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांच्या विधवेनं, मेहिटेबलबाईंनी, गाठलं. कागद छातीशी धरलेला. "वरून खाली वाचलंस का गं? मौन! देवाच्या इच्छेपुढे मौन! केवढा बोध दडवलाय तुझ्या नवऱ्यानं!"

"ते नाव आहे, बाई."

"कुणाचं?"

"माझं."

हसल्याच त्या. "अगं वेडे, आमच्या यजमानांच्या शोकगीतात तुझं नाव कशाला येईल?"

तो शेजारीच उभा. म्हणतो कसा — "अक्षरं जाड करा, असं मीच छापखान्यात सांगितलं. नाहीतर बोध कुणाच्या लक्षात आला नसता."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं. चोर तो चोर, वर शिरजोर. आणि याच माणसासाठी घरी येऊन मी मासा उकडला.

२८ नोव्हेंबर

त्याचा खोकला वाढलाय. छातीवर कांद्याचा लेप लावते, सूप भरवते. राग आहे, पण माणूस तडफडताना बघवत नाही.

आज मनगट धरलं माझं. "माझ्यावर चांगलं लिहिशील ना? सगळ्यांत चांगलं?"

"नाव कुणाचं घालू?"

भिंतीकडे तोंड फिरवलं.

१४ डिसेंबर

आज त्याला पुरलं. शवपेटीवर कागद नव्हता. मेहिटेबलबाई हुंदके देत म्हणाल्या, "साऱ्या गावावर लिहिलं त्यानं, आणि त्याच्यावर लिहिणारं कुणी उरलं नाही गं!"

मी नावाला जागले.