कल्हई न झिजलेली चौदा भांडी

अरियाना, मंगळवार दुपार

प्रिय आणि सदैव आदरणीय शाद्लिया मावशींना, भाची सुंदुसचा सलाम आणि कपाळावर पापी.

तुमच्या डोळ्याची पट्टी सुटली का? मोतीबिंदू काढल्यावर माणसाला पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतं म्हणे, तेव्हा कैरुआनमधल्या तुमच्या शेजारणींनी आता जरा जपूनच राहावं. आई रोज येऊन थेंब घालते हे ऐकून बरं वाटलं. (तिचा हात जड आहे. माझ्या कानात तेल घालायची तेव्हा अर्धी बाटली मानेवरून खाली यायची.) तुमचे गुडघे, कोंबड्या आणि अंगणातलं लिंबाचं झाड ठीक असेल अशी आशा करते. इकडे अल्लाच्या कृपेने नौफल आणि मी ठीक आहोत. म्हणजे तो ठीक आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, याचा राग मानू नका. तुम्ही फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवता, आणि मागच्या वेळी मी कुजबुजून सांगितलेल्या पोटाच्या तक्रारीवर समोरच्या खाटकाने उपाय सुचवला होता.

तुम्हाला ठाऊकच आहे की माझ्या रुखवतातली तांब्याची चौदा भांडी आईने चौदा गालिच्यांवर जमवली. एक गालिचा मागावरून उतरून विकला गेला की एक भांडं, असं मी रांगत होते तेव्हापासून चाललेलं होतं. लग्नात ती वाजतगाजत आली तेव्हा नौफलच्या आत्याने एका पातेल्याला टिचकी मारून नाद ऐकला, आणि आई त्या दिवशी नवऱ्यामुलाकडे कमी आणि त्या टिचकीकडे जास्त बघत होती. आता गोष्ट अशी आहे, आणि ती मी पहिल्यांदाच कागदावर उतरवते आहे, की त्यातल्या एकाही भांड्यात मी आजवर पाणीसुद्धा गरम केलेलं नाही.

घरमालक सहाव्या मजल्यावर सिलिंडर चढवू देत नाही. ओट्यात काळ्या काचेची इंडक्शनची शेगडी बसवलेली आहे, आणि नौफल तिला चष्म्याच्या फडक्याने पुसतो. पहिल्या दिवशी मी बिस्मिल्ला म्हणून आईची कुसकुसची जोडी (खाली रश्श्याचं पातेलं, वर रवा वाफवायची चाळणी) तिच्यावर ठेवली. शेगडीने तीनदा टिट् केलं आणि गप्प झाली. मी उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा तीनदा टिट्. मला वाटलं, डाव्या हाताने ठेवलं की काय. नौफलने पुस्तिका वाचून सांगितलं, "हिला तांबं कळत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालतं." मग फ्रिजवरचा मासा घेऊन (साखरपुड्यात दृष्ट लागू नये म्हणून तुम्हीच दिलेला, त्याच्या पोटात चुंबक आहे) मी चौदाही बुडांना लावून पाहिला. चौदाही वेळा तो खाली पडला. चौदाव्या वेळी शेपटी तुटली, त्याबद्दल क्षमा असावी. फ्रिज सोडला तर सगळ्या घरात तो चिकटला फक्त हरिसाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीच्या, मोठ्या रिकाम्या डब्याला. पहिला आठवडा आम्ही त्याच डब्यात बटाटे शिजवले. नौफल म्हणाला, चव छान आली आहे. त्याचे डोळे भरून आले होते, पण ते तिखटाने.

मग बाजार. मी मासा पर्समध्ये घालून दुकानं पालथी घातली. भांडं उलटं करायचं, मासा बुडाला टेकवायचा आणि श्वास रोखून बघायचं, यात कुणाला काही वेगळं दिसेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिसऱ्या दुकानात एक जाडजूड बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि पिशवीतली कढई पुढे करून हळूच म्हणाल्या, "पोरी, माझ्या कढईचीही काढ की गं दृष्ट. सूनबाई एकदा बघून गेली, तेव्हापासून जे टाकावं ते करपतंय."

"काकू, हा लोहचुंबक आहे."

"असू दे गं. ज्याची त्याची पद्धत."

मला नाही म्हणवेना. लावला, आणि मेला लगेच चिकटला. बाईंनी जीभ वळवून लग्नातली हाळी घातली, तशा आणखी दोघी पिशव्यांतून झाकणं काढून रांगेत उभ्या राहिल्या. दुकानदार ओरडला, "ताई, माल घ्यायचाय की मंतरायचाय?" (मी नंतर इमामसाहेबांच्या बायकोला विचारलं, हे पाप झालं का? त्या म्हणाल्या, कढईत पुन्हा करपलं तर झालं.)

लाजेपोटी मी त्याच दुकानातून स्टीलचं पातेलं घेतलं. मासा त्याला चिकटत नाही हे मला दिसत होतं. पण दुकानदाराने आईची शपथ घेऊन सांगितलं की सगळ्या शेगड्यांवर चालतं, आणि कुणाच्या आईला खोटं पाडणं मला बरं वाटलं नाही. चाललं नाहीच. दुसरं आणलं त्याला मासा चिकटला, पण बूड फुगीर निघालं, त्यामुळे ते हरभऱ्यांसकट काचेवर स्वतःभोवती फिरत राही. मग कुणीतरी लोखंडी चकती सुचवली, म्हणजे शेगडीवर चकती आणि चकतीवर आईचं तांबं. मी सावधपणे आधी नुसती चकतीच तापवून पाहिली. ती निळी पडली, काचेवर गोल डाग उठला आणि नौफल दोन दिवस माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला. सध्या आम्ही सगळं एका बिडाच्या तव्यात करतो, रस्सासुद्धा, आणि तो चमच्याऐवजी पावाने खातो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण रमजान दहा दिवसांवर आला आणि आईचा फोन आला: "भांडी कल्हईला पाठव गं. तीन महिन्यांचा वापर झाला, झिजली असेल. काळ्या भांड्यातलं रमजानात कोण खाणार? कैरुआनच्या गाडीवाल्याकडे दे, मी एकेक बघून कल्हईवाल्याकडे नेते." एकेक बघून! मावशी, आत तोंड पाहून वेणी घालता येईल अशी कल्हई आहे. ती बघून आईला काय वाटेल? एक तर मी नवऱ्याला उपाशी ठेवते, नाही तर तिच्या चौदा गालिच्यांची मला लाज वाटते. ती रोज विचारते, "माझ्या पातेल्यात रस्सा कसा होतो?" मी म्हणते, "आई, पातेलं फार सुंदर दिसतं." हे खोटं नाही, पण ते बोलून झाल्यावर मला पाणी प्यावं लागतं. काल तर मी मोठ्या पातेल्यात चमच्याने कल्हई खरवडायला बसले, झिजल्यासारखी दिसावी म्हणून. एक ओरखडा काढला. त्याचा आवाज ऐकून चमचा ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला पाठ लावून बसले.

थकले आहे, मावशी. नवरा निवडणं यापेक्षा सोपं होतं, त्याला उलटा करून बघावं लागलं नाही.

तुमची भाची,
सुंदुस

ता. क. भांडी या पत्राबरोबरच येत आहेत; गाडीवाला पत्र आधी तुमच्या दारात देईल आणि भांड्यांची पोती गाडीतळावर उतरवेल. गाडीतळावर आईच्या आधी पोहोचा आणि ती थेट कल्हईवाल्याकडे न्या. आईने विचारलं तर "झिजली होती" म्हणू नका, उगाच माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल. "जड होती" एवढंच म्हणा.

ता. क. २. तुमच्या कोंबड्या ज्यात पाणी पितात त्या निळ्या एनॅमलच्या पातेल्याला मी मागच्या भेटीत न विचारता मासा लावून पाहिला होता. असा चिकटला की दोन्ही हातांनी ओढावा लागला. बूड सपाट आहे, आणि आईची तांब्याची चाळणी त्याच्या तोंडावर नेमकी बसेल (मी वितीने मोजलं आहे). शेगडीला तांबं कळत नसलं तरी वाफेला कळतं. ते परतीच्या गाडीने पाठवाल का? खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. ३. गाडीवाला खाली हॉर्न वाजवतो आहे, नौफल पोती घेऊन गेलासुद्धा, आणि मला आत्ता आठवलं की डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर वाचायला मनाई केली आहे. म्हणजे हे सगळं आई तुम्हाला वाचून दाखवते आहे. पुन्हा लिहायला वेळ नाही, त्राणही नाही.

आई, सलाम. मोठ्या पातेल्यातला ओरखडा माझा आहे. तुझ्या भांड्यांत काही खोट नाही, खोट शेगडीत आहे आणि थोडी माझ्यात. रागाव, पण मध्येच थांबू नकोस, मावशी ताटकळतील. निळं पातेलं आणि चाळणी तूच घेऊन ये. त्यावर तुझी चाळणी ठेवू, कणकेच्या पट्टीने तू सांधा बंद कर, आणि या घरातलं पहिलं कुसकुस आपण दोघी करू. कोंबड्यांना तोवर चौदातलं कुठलंही एक दे. कल्हई अगदी नवीकोरी आहे.