हंसाच्या कडेवरचा दर्पण

प्रिय रुचिता,

बोईसरला सगळी मजेत ना? लेकीच्या लग्नात तू नाचलीस त्याचा व्हिडिओ केळव्यात अजून फिरतोय, आधीच सांगून ठेवते. माझं बरं चाललंय. शाळेत मात्र सध्या नुसता धुडगूस आहे, आणि त्याला कारण दीड वर्षाचा एक बाप्या!

त्याचं नाव दर्पण. त्याची बहीण हंसा माझ्या आठवीच्या वर्गात. प्रश्न विचारून माझं डोकं खाणारी ही पोरगी दिवाळीनंतर यायचीच बंद झाली. घरी गेले, तर अंगणात बोंबील वाळत घातलेले आणि दर्पणला कडेवर घेऊन ही कावळे हाकलतेय. तिची आई जमना टोपली भरत होती. म्हणाली, "बाई, पोरीला शालेत धाडायला आमी नाय बोलतो काय? पन ह्याला कोनाकडं ठेवू? मनोरच्या बाजाराला टोपली नेऊ का पोर नेऊ?" अंगणवाडीसाठी तो लहान. मी म्हटलं, मग त्यालाही पाठव शाळेत.

दुसऱ्या दिवशी दोघं हजर! भूगोलाच्या तासाला दर्पणने खडू खाल्ला. आमचे मुख्याध्यापक कमलाकांत सर तावातावाने आले, "ही शाळा आहे की पाळणाघर?" दर्पणने त्यांच्याकडे हात पसरले. सर काय करणार? घेतलं उचलून, आणि पुढचा गणिताचा तास त्याला खांद्यावर घेऊनच शिकवला. थोड्याच दिवसांत आणखी दोन मुली परतल्या, धाकट्या भावंडांसकट. मग सरांनीच कपाटं सरकवून एक खोली मोकळी केली. पोरांच्या आयांनी गोधड्या आणल्या, कुणी झोळी बांधली. हंसाचे प्रश्न पुन्हा सुरू झालेत. काल म्हणाली, "बाई, भरती चंद्रामुळे येते, मग चंद्र कुणामुळे येतो?"

त्या खोलीत आम्ही शिक्षक आळीपाळीने बसतो, पण आमचे तास बुडतात. तिथे कायमचं माणूस हवंय. सरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं. तुझा भाऊ मेहुल रांगत होता, तेव्हा त्याला सांभाळायला तुलाही सातवीतून घरी बसवलं होतं. माझ्या शेजारची तुझी जागा मी वर्षभर कुणाला दिली नव्हती, हे तुला कधी बोलले नाही. ये ना, रुचिता. दुपारी पोरं झोपली की वेळच वेळ असतो. दहावीला बाहेरून बसता येतं, शिकवायला मी आहे. सोमवारी पालघरला उतर, मी एसटी स्टँडवर उभी असेन.

वाट पाहणारी,
तुझीच
हेमांगी