नारकंड्याला, बर्फावर पडायला

तेलगाव,
फेब्रुवारीतली एक दुपार

प्रिय सत्या,

माझ्या नाकाची सालं निघाली आहेत आणि चष्म्याची जागा सोडून सगळा चेहरा रापलाय. काल रोपवाटिकेत गेले, तर भिवराबाई मिरचीची रोपं मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, "ताई, तुमी बर्फात गेलता का ऊसतोडीला?" बर्फावरचं ऊन आपल्या मे महिन्यातल्या उन्हाइतकंच भाजतं, हे मी तिला समजावलं. तिला ते काही पटलं नाही. गुडघा हिरवानिळा झालाय, उजवा खांदा वर जात नाही, आणि मी इतकी खूश आहे की रोपांना पाणी देताना एकटीच हसते.

फोन सोडून हे काय, असं म्हणशील. तुला फोन करायचा म्हणजे धर्मापुरीच्या तुझ्या सगळ्या घराला फोन करायचा. कुकर शिट्टी देतो, कुणीतरी तुला हाक मारतं आणि तू "ताई, नंतर करते" म्हणतेस. म्हणून लिहिते आहे. घर झोपलं की वाच.

आपल्या वडवणीच्या पाझर तलावाची मातीची उतरती भिंत तुला आठवत असेल. युरियाच्या रिकाम्या पोत्यावर मी पुढे आणि तू माझ्या पाठीला मिठी मारून मागे. भिंतीच्या टोकावरून घसरायला लागलो की तू किंचाळायचीस, आणि खाली पोचलो की तू रडत रडत "परत" म्हणायचीस. मी नववीत गेले आणि आईनं एक दिवस ते पोतं उचलून त्यात शेंगा भरल्या. मला राग आल्याचं आठवत नाही. वर्गातल्या सगळ्याच मुलींचं काही ना काही त्या वर्षी उचललं गेलं होतं. मग या दिवाळीत मोबाइलवर एक बाई दिसली. माझ्याच वयाची. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून येत होती, मध्येच धडपडली, फतकल मारून बसली आणि हसत सुटली. तेवढाच तुकडा मी पुन्हापुन्हा बघत बसले. मला आपलं युरियाचं पोतं आठवलं. या खेळाला स्की म्हणतात, तो शिकवणारे वर्ग आपल्या देशातही भरतात, हे मला तेव्हा कळलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला काय हवं असावं याची सगळ्यांची एक कल्पना असते. त्यात हे बसत नव्हतं.

सांगितलं फक्त मुबश्शिराला. माझ्या बाकावर बसायची ती मुबश्शिरा, आता माजलगावला शिवणाचे वर्ग घेते. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "कधी जायचं?" मग आम्ही दोघी जागा बघायला लागलो, अगदी स्थळं बघावीत तशा. गुलमर्ग सगळ्यांत देखणं, पण त्याचा थाट बघूनच आम्ही बुजलो. सोलंगला जाणंयेणं सोपं, पण तिथं फोटोला येणारी गर्दी फार, असं ऐकलं. औलीचा उतार मोठा, नाव मोठं. तिसरं-चौथं स्थळ म्हणून नारकंडा समोर आलं, सिमल्याच्या पुढचं एक छोटं गाव. आम्ही सगळीकडे फोन केले, आणि मुबश्शिरानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, आम्हाला थांबता आलं नाही तर तुमचा उतार आम्हाला कुठं नेऊन सोडेल. बाकीच्यांनी काळजी करू नका म्हटलं. नारकंड्याचा म्हातारा शिक्षक जरा विचार करून म्हणाला, "बहनजी, नीचे मैदान है. अपने आप रुक जाओगी." मुबश्शिरानं फोन ठेवला आणि म्हणाली, हेच स्थळ. उतार लहान, शेवट सपाट, आठवड्याचा वर्ग, बूट-पट्ट्या तिथंच भाड्यानं. पहिल्यांदा शिकणारीला आणखी काय लागतं?

आणि मग, सत्या, मी घरी येऊन औलीचं नाव सांगितलं.

सवयच तशी आहे ना. आपल्याकडे बाई उंबऱ्याबाहेर पडते ती देवासाठी, लग्नासाठी, बाळंतपणासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. औलीच्या खाली जोशीमठ आहे, हिवाळ्यात बद्रीनाथाची पूजा तिथं होते, हे मी वाचलं होतं. आमच्या सासूबाईंना, आत्याबाईंना, बद्रीनाथाचं नाव पुरेसं होतं. जेवायला वाढताना मी सहज सांगावं तसं सांगितलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. इतक्या सोप्या रीतीनं परवानगी मिळाली की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी चुलतसासूबाई येणार असं कळलं. मग त्यांची सून, मग तुझ्या दाजींचे दोन कार्यकर्ते सहकुटुंब. आठवडा संपेपर्यंत टेम्पो ट्रॅव्हलर ठरली होती. गॅसची शेगडी, ज्वारीचं पीठ, दळलेला मसाला, सगळ्याची चर्चा झाली. थंडीत बाहेरचं खायचं नाही, तेजश्री आहेच करायला. बर्फाला अर्धा दिवस ठेवला होता. सगळ्यांनी मिळून लांबून बघून यायचं.

मुबश्शिरा आली तेव्हा मी ओसरीवर बसून कुणाला किती स्वेटर लागतील ते बघत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "तेजे," ती म्हणाली, "ह्यात तू कुठं हायस?" मी म्हटलं, आहे की, मधल्या सीटवर. ती चहा न घेता गेली. मला तिचा राग आला, मग भीती वाटली. ती मला सोडून नारकंड्याला जाईल याची नव्हे. मी जोशीमठाला भाकरी थापून परत येईन, आणि सगळे म्हणतील की तेजश्रीची हौस भागली, आणि मीही हो म्हणेन, याची.

त्याच संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना मी बोलले. हातात भाकरीची टोपली होती, ती आधी खाली ठेवली. म्हटलं, मी जोशीमठाला येत नाही. मी मुबश्शिराबरोबर नारकंड्याला चालले आहे, बर्फावर घसरायला शिकायला.

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. "कावून?" त्यांनी विचारलं. "तिथं कोनता देव हाय?"

आता तुझे दाजी वाईट नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मी अडचणीत आले असं त्यांना वाटलं. त्यांनी मोबाइल काढला, बोटानं वरखाली केलं आणि माझ्याकडे बघून, अगदी मदत करावी तसं म्हणाले, "आहे की. वर डोंगरावर हाटू माता आहे. दर्शनाला चाललीय म्हण ना." किती सोपं होतं बघ. त्यांनी कारण माझ्या हातात आणून ठेवलं होतं. फक्त मान हलवायची होती.

मी म्हटलं, "देवी आहे. पण मी तिच्यासाठी चाललेली नाही. मला घसरायचंय."

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. माझ्या तोंडापर्यंत किती गोष्टी आल्या सांगू? व्यायाम होतो, मणक्याला चांगलं असतं, रोपवाटिकेच्या कामातून दोन दिवस विश्रांती. एकही बाहेर पडू दिली नाही. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "पडशील."

"पडेन," मी म्हटलं.

"मंग पडायलाच चाललीस म्हन की."

"हो आत्याबाई, पडायलाच."

त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, आणि पाणी मागितलं. बस. आभाळ कोसळलं नाही. पहाटे मी सडा टाकत होते, तर त्या शेजारच्या जाऊबाईंना सांगत होत्या, "आमची तेजी बर्फावर पडाया चालली. हाय का तुमच्यात कोनी अशी?" त्या आवाजातली ऐट मी ओळखते, ट्रॅक्टर घेतला तेव्हा ऐकली होती. जोशीमठाची गाडी आता मे महिन्यात, बद्रीनाथाचं दार उघडल्यावर जाणार आहे. स्वयंपाकाला एक माणूस बघायचं ठरलंय.

मग परभणीहून रेल्वे, अंबाल्याला उतरून पुढे डोंगर, आणि एका सकाळी मी आणि मुबश्शिरा लोखंडासारखे जड बूट घालून पांढऱ्या उतारावर उभ्या. उतार खरंच लहान होता. बहुतेक वेळा पट्ट्या खांद्यावर घेऊन चालतच वर चढायचं. म्हातारा शिक्षक ओरडायचा, "पंजे अंदर, एड़ी बाहर," आणि मी पंजे आत घेऊन बरोबर तोंडावर पडायचे. मुबश्शिरा एका शाळकरी पोराला घेऊन आडवी झाली आणि तिथंच पडल्या पडल्या त्याची माफी मागत हसत राहिली. दोन दिवस वाटलं, आपल्याकडून होत नाही. रडलेसुद्धा, हातमोजा डोळ्याला लावून. पण आठवडा सरता सरता एका दुपारी पट्ट्या माझं ऐकायला लागल्या. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. कानात वारा, पायाखाली बर्फाची खरखर, आणि सगळा उतार मी उभ्यानं उतरले. खाली मैदान होतं, पण मी मैदानाची वाट बघितली नाही. त्याच्या अलीकडेच, मला हवं तिथं, टाचा बाहेर ढकलून थांबले. देवाशपथ सांगते, लग्नात सुद्धा मी एवढी ताठ उभी नव्हते.

आता हे सगळं तुला का कळवते आहे ते सांगते. मी निघायच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला होता. परळीला संध्याकाळी गाण्याचा वर्ग सुरू झालाय, तुला जायचंय, आणि तू दबक्या आवाजात विचारलंस, "ताई, घरी काय सांगू? दम्याला गाणं चांगलं, असं डॉक्टर म्हणाले म्हणून सांगू का? मामंजींनी विचारलं तर तू हो म्हणशील का?" मी घाईत होते, कळवते म्हणाले. तर मी हो म्हणणार नाही, सत्या. तुझा दमा तसा बरा आहे आणि तुझा गळा फार चांगला आहे. सगळे जेवत असतील तेव्हा हातातलं खाली ठेव आणि एवढंच म्हण, मला गायचंय. कारण देऊ नकोस. त्यानंतर सगळे गप्प होतील आणि ती शांतता तुला फार लांब वाटेल. ती तशीच राहू दे. घाबरून तिच्यात काही भरू नकोस.

तुझीच,
ताई