गुडघा नव्हे, खुबा

१२ सप्टेंबर, गुरुवार

गुडघा नाहीच! खुबा आहे. उजवा.

सहा महिने मी गुडघ्याला मलम चोळतेय. गुडघ्याचे फोटो काढले, गुडघ्याला पट्टा बांधला. आज नवीन डॉक्टरने पाय धरून जरासा आत वळवला तशी मी ओरडलेच. म्हणाला, बाई, खरं सांगा, दुखायला सुरुवात कुठे होते? मी खाली बघत राहिले. दुखतं जांघेत. पहिल्या दिवसापासून जांघेतच. पण समोर पुरुष, तोही मुलाच्या वयाचा — त्याला कसं सांगणार? म्हणून आजवर गुडघा-गुडघा करत राहिले.

हसावं की रडावं! घराण्यातल्या सगळ्या मुलींची मी आत्या. लग्नाआधी त्यांना नवऱ्याचं, अंथरुणाचं, नको नको ते सगळं तोंड वर करून शिकवते. आणि स्वतःच्या जांघेचं नाव डॉक्टरपुढे निघेना. जळलं मेलं ते शिकवणं.

सांध्यातली गादी झिजलीय म्हणे. ती काही परत भरून येत नाही. व्यायाम करा, म्हणाला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

उजव्या पायाच्या नखांपर्यंत हात पोचत नाही. आता ती कोण कापणार?

१७ सप्टेंबर, मंगळवार

व्यायाम शिकवणारी बाई भेटली. कोबुसिंगे. देशाच्या पश्चिमेकडची, ताडमाड, बोलायला फटकळ. मी सवयीने नमस्कारासाठी गुडघे टेकायला गेले तर तिने काखेत हात घालून वर ओढलं. माझ्यापुढे हे चालणार नाही, म्हणाली.

उताणं झोपून कंबर वर उचलायची. कुशीवर झोपून पाय वर न्यायचा. रोज, दोन वेळा. भिंतीला धरून उभं राहायचं, पाय मागे न्यायचा. काठी घ्यायची तर डाव्या हातात — मला वाटायचं दुखऱ्या बाजूला घ्यायची असते. भाड्याच्या मोटरसायकलवर, बोडावर, बायकांसारखं आडवं बसायचं नाही. चटईवर बसायचं नाही, उंच खुर्चीवर बसायचं. गुडघे टेकणं बंद.

मी हसले. तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, बाई, तुम्ही आमच्या बुगांडात नवीन दिसता.

आठ वर्षं झाली म्हणे इथे मसाका शहरात. आणि तरी असं बोलते!

२२ सप्टेंबर, रविवार

दादाकडे गेले होते. त्याच्या नाबुतेमेची मागणी ठरली. तेवीस नोव्हेंबर. पोरगी दारामागून ऐकत होती. मी तिच्याकडे बघून हसले तर तोंड लपवलं.

दादा सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन म्हणाला, 'मागणीच्या दिवशी पाहुण्यांत बसलेला जावई ओळखून बाहेर काढेल ती नाकायिझाच. दुसरी कोणी नाही.' कान तृप्त झाले. आई गेल्यापासून दादाने कधी एवढं कौतुक केलं नव्हतं. पोरीला दोन वर्षांची असल्यापासून मी सांभाळलंय, तिची वहिनी गेली तेव्हा... नाही, माझी वहिनी, तिची आई. लिहितानाही गोंधळ होतोय आज. वहिनी गेली तेव्हा मीच तिला पाठीला बांधून शिवणयंत्र चालवायचे. तिचा नवरा मी नाही बाहेर काढणार तर कोण काढणार?

पण म्हणजे भरल्या मांडवात गुडघे टेकायचे. एकदा नाही — पाहुण्यांच्या प्रत्येक रांगेपुढे. आणि आमच्या पुरुषांची विचारपूस! रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, शेतावर काय, गुरं काय. बाई खाली, पुरुष वर, आणि संपता संपत नाही. आजही गुडघ्यावर बसून दादाला उत्तरं देत होते. हसतमुखाने. जांघेत कोणी तापलेली सळई फिरवत होतं.

मग चटईवरून उठताच येईना. बाकीच्या केळीच्या पानात वाफवलेला कच्च्या केळ्यांचा मटोके सोडायला आत गेल्या आणि मी तिथेच बसून राहिले. चुलतबहीण नाकिसोझी दारातून बघत होती. म्हणाली, 'काय ग, बाईसाहेब झालीस? मदतीला येत नाहीस?' म्हटलं, कानातलं पडलंय, शोधतेय. ती शोधायला आली. मेली!

१ ऑक्टोबर, मंगळवार

दोन आठवडे व्यायाम. फरक शून्य. पायाने चालवायचं शिवणयंत्र आता डाव्या पायाने चालवते, टाके वेडेवाकडे पडतात. एका गिऱ्हाइकाचा घोळदार गोमेसी झगा उसवून पुन्हा शिवला. खांद्यांची टोकंसुद्धा नीट उभी राहिली नव्हती.

पहाटे पहिली काही पावलं तर लाकडाची. मग जरा सैल होतं. मग बसलं की पुन्हा लाकूड.

कंटाळा आलाय जिवाचा. कोणाला सांगू?

८ ऑक्टोबर, मंगळवार

नाबुतेमे शिकायला आली. आता दर मंगळवारी येईल. गुडघे टेकायचे ते कसे — पाठ ताठ, हात मांडीवर, नजर खाली, घोळ आधी डाव्या हाताने आत घ्यायचा. उठताना झपकन नाही, धापा टाकत नाही, जमिनीला हात लावायचा नाही. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. मी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. तिला वाटलं असेल, आत्या आता मोठी माणूस झाली.

पुन्हा कर, पुन्हा कर, असं बराच वेळ चाललं. शेवटी म्हणाली, आत्या, आता पुरे ना. मी रागावले. मोबाईल घेऊन तासन्‌तास बसता येतं आणि याचा कंटाळा! मुकाट्याने पुन्हा केलं बिचारीने. गुणी आहे. हसली की अगदी वहिनी.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

गाढव आहे मी. अठ्ठावन्न वर्षांची गाढव.

डोक्यात आलं, व्यायामाने ताकद येते ना, मग गुडघे टेकायचाच व्यायाम का करू नये? सवय मोडली म्हणूनच जड जातंय. आठवडाभर रोज सकाळी दार लावून टेकत होते, दात खाऊन उठत होते. दुखलं की वाटायचं, लागू पडतंय.

आज उठताच आलं नाही. खुबा अडकलाच. ओठ चावून सरपटत यंत्रापर्यंत गेले, त्याला लोंबकळून कशीबशी उभी राहिले. नाबुतेमेला निरोप धाडला की ताप आहे, येऊ नकोस.

लहान पोरासारखी रडले.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोबुसिंगेने सुनावलं ते सुनावलंच. सुजलेल्या सांध्यावर दळण दळलंस, म्हणाली. मग समोर स्टूल घेऊन बसली. 'तुला नक्की काय करायचंय ते सांग. मला पाय सोडून दुसरं काही दिसत नाही.'

तेव्हा सगळं सांगितलं. मांडव, पाहुणे, जावई, नाकिसोझी. ती म्हणाली, घरच्यांना सांगून खुर्ची का मागत नाहीस? सोपं आहे हिला! आत्या खुर्चीवर बसली तर मुलाकडचे काय म्हणतील? आत्याने शिकवलेली मुलगी ना ती!

मग म्हणाली, एका दिवसापुरतं बघू. आठ दिवस आराम, नुसतं झोपून पाय सैल करायचे. मग मांडीची ताकद. मग उठायची युक्ती: चांगला पाय पुढे, त्याच्यावर भार, दुखरा मागून येईल. गोमेसीच्या घोळात कोणाला दिसतंय कोणता पाय आधी आला!

आणि नंतर? 'नंतर कधीच नाही. शब्द दे.'

दिला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

काल रात्री सलग झोप लागली. जपून लिहितेय, दृष्ट लागायची.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

काठी घेऊन बाजारापर्यंत जाऊन आले. परतताना शेजारीण दिसली तेव्हा काठी उसवाल्याच्या मोळीत खुपसून दिली, ऊस घेतलाय असं दाखवलं. मग तो ऊस खरंच घ्यावा लागला.

९ नोव्हेंबर, शनिवार

व्हायचं तेच झालं. नाकिसोझीने मला दवाखान्याच्या दारात काठीसकट पाहिलं आणि दादाचे कान भरले. दादा आज स्वतः आला. मी टेकायला गेले तर हाताने थांबवलं. तेव्हाच ओळखलं.

बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, 'नाकिसोझी करेल. तू आराम कर.' मी म्हटलं, मी करू शकते. तर म्हणाला, तुला वाटतं मी तुझ्यासाठी बोलतोय? लोक आत्याकडे बघून भाची पारखतात. लंगडी आत्या बघितली की विचारतील, हे रक्तातलं तर नाही? मुलीच्या अंगात तर नाही?

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. म्हटलं, दादा, तीस वर्षं यंत्र चालवून झालंय हे. रक्ताचा काय संबंध? नाबुतेमे हरणासारखी आहे. मी तिला दर मंगळवारी समोर उठबस करताना बघते, तू नाही. आईची शपथ घेऊन सांगितलं. मग त्याच्यासमोर गुडघे टेकले, पाठ ताठ, आणि उठून दाखवलं. चांगला पाय आधी. हसत.

मग म्हणाला, 'ठीक आहे. पण मांडवात जर का पडलीस —' आणि टोपी घेऊन उठला.

तो गेल्यावर पलंगावर आडवी झाले ती दुपारपर्यंत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटची शिकवणी. नाबुतेमेकडून सगळं पहिल्यापासून करवून घेतलं. अगदी पाण्यासारखं. मान डोलावली, बोलले नाही. तोंडावर कौतुक केलं की मुली शेफारतात.

व्यायाम चालू. भीती वाटते.

२४ नोव्हेंबर, रविवार

पार पडलं!

काल पहाटेच उठून अंग सैल करून घेतलं. दुखण्याच्या दोन गोळ्या, पोट बांधावं तशी गोमेसीची कंबर बांधली, आणि निघाले. दोन्ही मांडव समोरासमोर. मुलाकडचे पुरुष पांढऱ्याशुभ्र पायघोळ कांझूत, भेटींच्या टोपल्यांची रांग फाटकाबाहेरपर्यंत. त्यांच्या वतीने बोलणारा माणूस एवढा चेष्टेखोर! मला म्हणाला, आत्याबाई, आमच्यात तुम्हाला हवा असलेला माणूसच नाही, चहा घ्या नि घरी जा. मी म्हटलं, चहा घेऊनच आलेय, आता माणूस घेऊन जाणार. सगळा मांडव हसला.

रांगेपुढे रांग, गुडघे टेकले. विचारपूस झाली. उठले. तिसऱ्या रांगेपुढे डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण जमिनीला हात लावला नाही. जावई हाताला धरून बाहेर काढला. मग मुली आल्या, गुडघ्यांवर बसल्या, मध्ये नाबुतेमे. सगळ्यांत शेवटी उठली ती आणि सगळ्यांत सुंदर तीच. मुलाची आजी माझ्या कानाशी लागून म्हणाली, कशी वळण लावलेली पोर आहे!

दादाने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. नाकिसोझीने स्वतः ताट आणून दिलं.

आज पाय उचलत नाही. नको उचलू दे. झालं माझं काम. आता कोबुसिंगेला दिलेला शब्द पाळायचा.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नाबुतेमे आली होती. एकटीच. दार लावून घेतलं आणि विचारलं, 'आत्या, तुला नक्की कुठे दुखतं?'

मी जांघेवर हात ठेवला. तिने आपल्या जांघेवर ठेवला. म्हणाली, 'मलापण इथेच. शाळेत होते तेव्हापासून.'

म्हटलं, अग, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?

'तू कुठे बोललीस?'